विसर्जन मिरवणुकीत मुलींना दोरीत घ्यावं का? एका मंडळाच्या सचिवांना उत्तर

तालुक्याच्या गावातल्या एका गणेश मंडळाच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी विसर्जन मिरवणूक बाजारपेठेच्या तोंडाशी तुंबली आणि त्या रेटारेटीत मंडळाच्याच दोन मुलींच्या अंगाला कुणीतरी घाणेरडा हात लावला. एक ढोल वाजवत होती, दुसरी लेझीम पथकात होती. माणूस सापडला नाही, तक्रारही झाली नाही. यंदाच्या बैठकीत ज्येष्ठांनी ठरवलं की बायका-मुलींनी मिरवणुकीच्या पुढे, चारी बाजूंनी धरलेल्या दोरीत चालायचं आणि रात्री नऊला घरी जायचं. मुली म्हणाल्या, मग आम्ही येतच नाही. सचिव विचारतात की दोरी बरोबर की चूक, आणि पुन्हा असं घडलं तर कायद्यानं काय करायचं.

मी फौजदारी वकील आहे. अशा खटल्यांत मुलींच्या बाजूनं उभी राहते आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या कार्यकर्त्यांची शिबिरंही घेते. रस्त्यावर काय घडतं आणि त्यातलं न्यायालयात काय टिकतं, हे दोन्ही जवळून पाहायला मिळतं.

दोरीबद्दल आधी. ढोल-ताशा पथकाभोवती दोरी असतेच आणि ती असायला हवी. कमरेला ढोल बांधलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, पाठीमागे कोण आलं ते त्याला कळत नाही, वळताही येत नाही. ती दोरी वादकांच्या कामासाठी आहे, मुलगा वाजवतो की मुलगी याच्याशी तिचा संबंध नाही. तुमच्या ज्येष्ठांची दोरी वेगळी. ती बायकांना एका जागी गोळा करते आणि बाकीचा रस्ता पुरुषांचा आहे असं न बोलता जाहीर करते. मग कडेच्या ओट्यावर लेकराला घेऊन उभी असलेली बाई, क्लासवरून घरी निघालेली मुलगी, फुगेवाली, दुकान आवरणारी काकू, या सगळ्या दोरीबाहेरच्या. त्यांच्यापैकी कुणाला त्रास झाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘ती तिकडे कशाला गेली होती?’ शिवाय दोरी धरणारेही गर्दीतलेच पुरुष. दोरीच्या आतल्या बाजूनं हात आल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. नऊच्या नियमाबद्दल इतकंच विचारते, गेल्या वर्षीचा प्रकार किती वाजता झाला? तुमच्या पत्रात वेळ आहे, साडेसात.

आता खरा मुद्दा. गर्दीतली छेडछाड कुठेही, कधीही होत नाही. ती कुठे होणार हे बरंचसं आधी सांगता येतं, कारण हात लावणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: चुकून लागला असं म्हणता येईल इतकी दाटी, ओरडलेलं ऐकू येणार नाही इतका आवाज, आणि निसटायला वाट. या तिन्ही गोष्टी मिरवणुकीत कुठे आणि किती वेळ जुळून येतील हे मंडळाच्या हातात असतं. मुलींच्या हातात त्यातलं काहीच नसतं. म्हणून मुलींसाठी नियम करण्याआधी मंडळानं आपली मिरवणूक आखून पाहावी.

तुमची बाजारपेठच घ्या. पत्रात रस्ता वीस फुटांचा लिहिला आहे. ट्रॉली आठ फुटांची. दोन्ही बाजूंना हातगाड्या आणि लावलेल्या दुचाकी तीन-तीन फूट खातात. उरले सहा, म्हणजे ट्रॉलीच्या प्रत्येक अंगाला तीन फूट. त्या तीन फुटांत येणारे, जाणारे, नाचणारे आणि बघणारे असे चारही कोंबलेले. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फुटांत, पाचाहून जास्त माणसं झाली की कुणालाच आपल्या मर्जीनं हलता येत नाही, गर्दी नेईल तिकडे जावं लागतं. चेंगराचेंगरीचा धोका तिथूनच वाढत जातो. बाईच्या अंगावरचा हात मागे ढकलायलाही तिला जागा राहत नाही ती याच ठिकाणी. थोडक्यात, चेंगराचेंगरी टाळायला जे करायचं, त्यातलं निम्मं काम छेडछाड टाळायलाही उपयोगी पडतं. बैठकीत ‘बायकांचा विषय’ म्हणून कुणी हसण्यावारी नेलं तर या बाजूनं मांडा, लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

तेव्हा त्या तोंडावर यंदा ट्रॉली थांबवायची नाही. आरती, नाच, वादनाचा मुख्य खेळ, सगळं मोकळ्या चौकात. अरुंद पट्ट्यात फक्त चालायचं. तिथल्या दुचाकी आदल्या रात्री हलवायच्या आणि हातगाडीवाल्यांना त्या तीन तासांपुरती दुसरी जागा काढून द्यायची. मंडळाच्या शब्दाला बाजारपेठेत किंमत असते, हे काम तुम्ही पोलिसांपेक्षा सहज कराल. पुढचं मंडळ अडलं म्हणून तुम्हाला थांबावं लागलं, तर अरुंद पट्ट्याच्या अलीकडेच थांबा. दोन मंडळांत शंभर पावलांचं अंतर राखायचं हे शांतता समितीच्या बैठकीत ठरवून घ्या. उत्सवाआधी पोलीस ठाण्यात ती बैठक होतेच. तिथे आवाजाची मर्यादा, मार्ग, वेळ यांवर तासभर बोलणं होतं, या विषयावर बहुधा कुणी तोंड उघडत नाही. तुम्ही उघडा, आणि बैठकीला मंडळाची एक तरी बाई सोबत न्या.

उजेड. रोषणाई सगळी मूर्तीवर असते. ट्रॉलीच्या मागचे पन्नास फूट आणि जनरेटरच्या गाडीचा आडोसा हे काळोखाचे हमखास तुकडे. दोन हॅलोजन मागच्या बाजूला तोंड करून लावले की झालं, खर्च फारसा नाही. विसर्जन घाटावर शेवटच्या आरतीला पाण्याकडे जी रेटारेटी होते, तिथेही हेच.

आवाज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. डीजेच्या भिंतीपुढे मुलगी जिवाच्या आकांतानं किंचाळली तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ‘शिट्टी जवळ ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यानं कधी त्या भिंतीपुढे उभं राहून पाहावं. तिथे खूण डोळ्यांना दिसणारी हवी. मोबाइलची बॅटरी लावून हात उंच धरायचा, ही खूण मंडळातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि आधीच्या दहा दिवसांत रोज आरतीनंतर माइकवरून सांगा. बघायला येणाऱ्या बायकांनाही कळेल, हात लावायला येणाऱ्यांनाही कळेल. खूण दिसली की आवाज बंद. विनंती करायची नाही, विचारायचं नाही, बंद. डीजे ठरवतानाच त्याला हे सांगून ठेवा आणि आवाज बंद करायला लावण्याचा अधिकार मंडळातल्या दोन बायकांना नावानिशी द्या. एकदा का दणदणाट थांबला की हजार माणसं माना वळवून बघतात, आणि गोंगाटाच्या आडोशाला उभा असलेला माणूस उघडा पडतो. अध्यक्षांना हे पटवणं जड जाईल, मला कल्पना आहे. ‘मिरवणुकीची रंगत जाते’ असं म्हणतील. दोन मिनिटं जाते.

गुलालाबद्दलही बोलायला हवं. ‘गुलाल लावतो’ म्हणून गालाला, मानेला, पुढे आणखी कुठे हात नेणं हा सगळ्यांना ठाऊक असलेला आणि कुणी न बोलणारा प्रकार आहे. वर उधळा, कुणाच्या अंगाला लावू नका, एवढा एक नियम पुरेसा आहे. तपासाच्या दृष्टीनंही तो कामाचा आहे, कारण सगळे चेहरे गुलाबी झाल्यावर मुलीला नंतर ओळख पटवता येत नाही आणि सीसीटीव्हीत तर काहीच कळत नाही.

स्वच्छतागृहाची सोय नसली की बाई बोळात, आडोशाला जाते, एकटी जाते, आणि बऱ्याच तक्रारी त्या बोळातल्या असतात. मार्गावरच्या दोन-तीन घरांशी किंवा शाळेशी आधी बोलून ठेवा आणि ती जागा पथकातल्या मुलींना दाखवून ठेवा. पथकाचा सराव महिनाभर आधी सुरू होतो आणि रात्री संपतो, तेव्हा घरी परतायची सोयही सरावापासूनच लागते. विसर्जनाच्या रात्री घाटावरून गावात येणारा टेम्पो फक्त ढोल आणि ट्रॉलीचं सामान आणण्यासाठी नसतो.

मंडपातल्या दर्शनरांगेत वेगळा त्रास असतो. दर्शन झालं की खांद्याला, पाठीला धरून पुढे ढकलणारे कार्यकर्ते असतात. गर्दी पुढे सरकवायला हात लावावा लागतो हा गैरसमज आहे. मूर्तीपुढे बायका कार्यकर्त्या उभ्या करा आणि ‘चला, पुढे चला’ तोंडानं म्हणायचं हे सगळ्यांना सांगा.

आणि हो, आपलाच कार्यकर्ता असला तर? प्रत्येक शिबिरात हा प्रश्न मी विचारते आणि प्रत्येक वेळी खोली गप्प होते. ओळखपत्र आणि जॅकेट घातलेल्या माणसाला गर्दीत कुठेही शिरायची मुभा असते, म्हणून तिथे निवड कडक हवी. प्यालेला कार्यकर्ता जॅकेट काढून घरी, मग तो कुणाचाही भाचा असो. तक्रार घ्यायला मंडळातल्या दोन व्यक्ती ठरवा, त्यातली एक तरी बाई, आणि अध्यक्षांच्या घरातली कुणीही नको.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. बऱ्याच लोकांच्या तोंडी अजून ‘तीनशे चोपन्न’ असतं, त्याचं आताचं कलम ७४. विनयभंगाच्या हेतूनं स्त्रीवर हल्ला किंवा बळाचा वापर, शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षं आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही. कलम ७५ लैंगिक छळाचं: नकोशी शारीरिक लगट असेल तर ३ वर्षांपर्यंत, लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी असेल तर १ वर्षापर्यंत. पाठलागाला ७८, आणि शब्द, हावभाव, अश्लील खाणाखुणा यांना ७९. ‘जरासा तर हात लागला’ असं म्हणणाऱ्यांसाठी: रूपन देओल बजाज यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली स्पष्ट केलं की मेजवानीत पार्श्वभागावर मारलेली चापटसुद्धा क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. आरोपी होते पंजाबचे पोलीस महासंचालक.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे २०१२चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाला ३ ते ५ वर्षं. कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सो लागत नाही असा एक निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१च्या जानेवारीत दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. मंडळासाठी महत्त्वाचं असं की मुलगी अल्पवयीन असताना प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडपलं तर त्याला १ वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मंडळाचं नाव खराब होईल, आपण आपसात मिटवू’ असं म्हणणाऱ्या अध्यक्षांना हे वाक्य वाचून दाखवा.

मंडळाचा यात काय संबंध, असंही कुणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयानं ३० नोव्हेंबर २०१२ रोजी, तमिळनाडूतल्या एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, छेडछाडीबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. साध्या वेशातल्या महिला पोलीस, सीसीटीव्ही वगैरे त्यात आहेच, पण प्रार्थनास्थळं, शाळा, चित्रपटगृहं यांच्या प्रमुखांनी आपल्या आवारात छेडछाड रोखायची आणि तक्रार आली तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हेही त्यात आहे. रस्त्यावरचा मंडप प्रार्थनास्थळात मोडतो का, यावर वकील म्हणून मला तासभर वाद घालता येईल. मंडळ म्हणून तुम्ही तो घालू नये.

प्रत्यक्ष घडलं तर. आधी मुलगी. तिला गर्दीतून बाहेर, उजेडात, तिच्या ओळखीच्या बाईजवळ न्या. पाणी द्या. ‘नक्की झालं का?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. मग ११२ ला फोन. मुंबईत निर्भया पथक, पुण्यात दामिनी पथक बंदोबस्तात असतं. तुमच्याकडे पोलीस ठाण्याच्या महिला अंमलदाराचा क्रमांक आधीच घेऊन ठेवा.

माणूस पकडला गेला तर आपल्याकडे पहिलं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. चोप. दहाजण तुटून पडतात, पन्नासजण चित्रीकरण करतात, मुलगी बाजूला एकटी उभी राहते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पुढे काय होतं ते मी कोर्टात बघते: आरोपी रुग्णालयात, त्याच्या जखमांचा अहवाल कागदावर, तुमच्या पोरांवर मारहाणीचा गुन्हा, आणि मग दोन्ही बाजू एकमेकांच्या तक्रारी मागे घ्यायला बसतात. त्या तडजोडीत मुलीची तक्रार फुकट जाते. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४० तसं सांगतं. अट एवढीच की विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरा, बसवा, दोन माणसं पहाऱ्याला ठेवा, हात उचलू नका.

त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलगी त्याला ओळखत नसेल तर पुढे ओळखपरेड होईल, आणि बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल की फोटो आधी पाहिला होता का. ड्रोनचं, मंडळाच्या कॅमेऱ्याचं, पोरांनी काढलेल्या रील्सचं मूळ चित्रीकरण मात्र त्याच रात्री एका जागी साठवा. कापाकापी नको, मूळ मोबाइलमधून पुसायचं नाही. दुकानदारांच्या सीसीटीव्हीवर काही दिवसांत नवं चित्रीकरण चढतं, म्हणून ते जपून ठेवायची विनंती दुसऱ्याच दिवशी लेखी द्या आणि पोलिसांनाही कळवा. न्यायालयात हे दाखल करताना पुराव्याच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, तपास अधिकाऱ्याला त्याची आठवण करून द्यायला लाजू नका. मुलीचे त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा.

तक्रार अनोळखी इसमाविरुद्धही होते. ‘नाव सांगा, मग बघू’ हे उत्तर चालत नाही. मिरवणूक दोन ठाण्यांच्या हद्दीतून जाते आणि ‘ते तिकडचं’ अशी टोलवाटोलवी होते, त्यावर उपाय म्हणजे शून्य क्रमांकाची फिर्याद, ती कोणत्याही ठाण्यात घ्यावीच लागते. या गुन्ह्यांत मुलीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करायला जायचं. ‘आधी प्राथमिक चौकशी करू’ असं सांगितलं तर लक्षात ठेवा, ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत त्यासाठी पोलीस उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि ती चौदा दिवसांत संपवावी लागते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नंतरच्या जबाबासाठी स्त्रीला ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, ती राहते तिथे पोलिसांनी यायचं.

फिर्यादीत काय सांगायचं याबद्दल एकच सूचना. मुली लाजेनं ‘त्यानं गैरवर्तन केलं’ एवढंच लिहून देतात. हात कुठे लावला, दाबला की फिरवला, किती वेळ, तो कोणत्या बाजूनं आला, काही बोलला का, हे साध्या शब्दांत लिहायला हवं. ‘गैरवर्तन’ या शब्दावर आरोपी सुटतात. सोबत जाणाऱ्या बाईनं मुलीला हे आधी शांतपणे समजावून सांगावं, ठाण्यातल्या बाकड्यावर नव्हे.

आणि गेल्या वर्षीचं प्रकरण. तुम्ही ते संपलं असं धरून लिहिलं आहे. कलम ७४ची कमाल शिक्षा ५ वर्षं असल्यामुळे न्यायालयानं किती काळात त्याची दखल घ्यायची याला मुदतमर्यादा लागत नाही. कलम ७५मधल्या लगटीच्या प्रकाराला ३ वर्षांची मुदत आहे, नुसत्या शेरेबाजीला १ वर्षाची. म्हणजे त्या दोघींपैकी कुणाला आजही फिर्याद द्यायची असेल तर दार उघडं आहे. उशीर का झाला ते सांगावं लागेल, पुरावा कमी असेल, निकालाची खात्री मी देणार नाही. द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या आई-वडिलांनी किंवा मंडळानं परस्पर नव्हे. दोघींपैकी कुणी तेव्हा अठराच्या आत असेल तर मात्र तुम्ही आता गप्प बसू शकत नाही, वर पॉक्सोबद्दल लिहिलं आहे ते पुन्हा वाचा आणि पोलिसांकडे जाण्याआधी त्या मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी बोला.

मिरवणुकीत परत यायला त्यांची मनधरणी करू नका. त्यांना घेऊन एका संध्याकाळी मार्गावरून चाला, सोबत ट्रॉली चालवणारा आणि लाइटवाला असू द्या. कुठे काय झालं ते त्यांना विचारू नका, गाडी कुठे थांबवू नये एवढंच विचारा.